गिटार-विवर्धकातील पूर्वविवर्धक नलिका

विद्युत् गिटारच्या पिकपकडून येणारा क्षीण विद्युत् संकेत शक्ति-विवर्धकाला चालविता येईल इतका मोठा करणाऱ्या निर्वात नलिकांना पूर्वविवर्धक नलिका म्हणतात. मराठी भाषिक प्रदेशात रेडिओ-दुरुस्तीच्या व्यवसायामुळे या नलिका ‘व्हॉल्व्ह’ या नावाने परिचित आहेत. रेडिओच्या किंवा ध्वनिमुद्रिका वाजविण्याच्या विवर्धकाकडून मूळ संकेत जसाच्या तसा मोठा व्हावा एवढीच अपेक्षा असते. गिटार-विवर्धक मात्र वाद्याचाच एक भाग असतो. त्यात होणारे संकेताचे विरूपण हा एरवी दोष गणला जाईल. गिटारवादक तेच विरूपण मोजूनमापून मागून घेतो. यामुळे खोबणीतील एक नलिका उपटून तिच्या जागी त्याच बैठकीची परंतु निराळ्या गुणधर्मांची दुसरी नलिका बसविणे, हा स्वरगुण बदलण्याचा सर्वांत सोपा उपाय समजला जातो. त्याला डाख द्यावा लागत नाही, विवर्धकाची पेटी बहुधा उघडावी लागत नाही आणि परिणाम न आवडल्यास जुनी नलिका परत बसविता येते. या उपायाभोवती खऱ्या माहितीइतकीच ऐकीव समजुतींचीही दाटी झालेली आहे. नलिकाबदलाने मुख्यतः विवर्धनाचे प्रमाण बदलते आणि स्वरगुणातील बहुतेक फरक त्यातून उद्भवतो, हे ध्यानात घेतल्यास या विषयातील बराच गोंधळ दूर होतो.

इतिहास : ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकांनी १९०६ मध्ये निर्वात नलिकेत जालक हा तिसरा अग्र घातला आणि संकेताचे विवर्धन शक्य झाले. १९३२ मध्ये विद्युत् गिटार विक्रीस येऊ लागली तेव्हा तिच्यासोबत नलिकांचा विवर्धकही येई. त्या काळचे विवर्धक आकाराने मोठ्या नलिकांवर चालत. १९४७ मध्ये आरसीए या अमेरिकन कंपनीने १२एएक्स७ ही नऊ टाचण्यांची, बोटाएवढी लहान नलिका प्रचारात आणली. एकाच काचेच्या कवचात दोन स्वतंत्र त्रिप्रस्थ असल्यामुळे एका खोबणीत विवर्धनाचे दोन टप्पे बसू लागले. यूरोपात हीच नलिका ईसीसी८३ या नावाने ओळखली जाते. यूरोपीय नामपद्धतीत पहिले अक्षर तापक तंतूचा विद्युत् दाब (६·३ व्होल्ट) दर्शविते आणि पुढील दोन समान अक्षरे दोन त्रिप्रस्थ दर्शवितात. अमेरिकन पद्धतीतील १२ हा आकडाही तंतूच्या दाबाचाच आहे. कारण या नलिकेचा तंतू मध्यभागी जोड घेतलेला असून तो १२·६ किंवा ६·३ व्होल्ट अशा दोन्ही प्रकारे जोडता येतो.

नलिकाबदलाचे सर्वांत बोलके उदाहरण कोणा वादकाच्या प्रयोगात नसून दोन कारखान्यांच्या इतिहासात सापडते. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथील फेंडर या कंपनीने १९५८ ते १९६० या काळात बेसमन या विवर्धकाची ५एफ६-ए ही आवृत्ती बनविली. हा विवर्धक मंद्र स्वरांच्या बेस गिटारसाठी योजलेला होता व त्याच्या पहिल्या टप्प्यात १२एवाय७ ही मध्यम विवर्धनाची नलिका होती. लंडनमध्ये वाद्यांचे दुकान चालविणारे जिम मार्शल आणि त्यांचे सहकारी केन ब्रॅन व डडली क्रेव्हन यांनी १९६२ च्या सुमारास याच मंडलाबरहुकूम जेटीएम४५ हा विवर्धक तयार केला. परंतु पहिल्या खोबणीत त्यांनी ईसीसी८३ ही नलिका घातली. परिणामी पहिल्याच टप्प्यातील विवर्धन जवळजवळ दुप्पट झाले आणि आवाज-नियंत्रक थोडासा फिरविताच स्वर ‘फुटू’ लागला. बेसमनमध्ये जो स्वर नियंत्रक बराच वर नेल्यावर मिळे, तो येथे आधीच हाती येई. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टन यांनी जॉन मायल यांच्या ब्लूजब्रेकर्स या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणात मार्शलचा याच घराण्यातील विवर्धक वापरला व त्या स्वराने पुढच्या पिढीतील रॉक संगीताला वळण दिले. अर्थात याचे सगळे श्रेय एका नलिकेला देणे योग्य होणार नाही. मार्शलचे निर्गम रोहित्र निराळे होते, ध्वनिक्षेपक निराळ्या बनावटीचे होते व ते मागून बंद असलेल्या पेटीत बसविलेले होते. तरीही दोन्ही विवर्धकांच्या मंडलातील, सहज उलटविता येण्याजोगा फरक शोधावयाचा तर तो ही पहिली नलिकाच होय. मार्शलच्या पहिल्या खोबणीत १२एवाय७ बसविल्यास विवर्धक बेसमनच्या बराच जवळ जातो, आणि उलट बदलाने बेसमन मार्शलकडे झुकतो.

तत्त्व : त्रिप्रस्थात तापलेल्या ऋणाग्रातून निघालेले इलेक्ट्रॉन धनभारित पट्टिकेकडे जातात. वाटेतील जालकावरचा विद्युत् दाब किंचित बदलला तरी या प्रवाहात मोठा बदल होतो. पट्टिकेच्या मार्गात घातलेल्या भार रोधकामुळे प्रवाहातील बदलाचे रूपांतर पुन्हा विद्युत् दाबातील बदलात होते व जालकावरच्या संकेताची मोठी प्रत पट्टिकेवर मिळते. नलिकेचे वर्तन तीन राशींनी सांगता येते. जालकावरील दाबातला बदल पट्टिकेवरील दाबाच्या किती पट बदलाशी तुल्य आहे, हे दाखविणारा विवर्धनांक ‘म्यू’ या ग्रीक अक्षराने दर्शवितात. दुसरी राशी नलिकेचा आंतरिक पट्टिका रोध आणि तिसरी अन्योन्य संवाहकता, म्हणजे जालकावरील दाबाच्या दर व्होल्ट बदलामागे पट्टिका-प्रवाहात होणारा बदल. दुसरी व तिसरी राशी यांचा गुणाकार पहिलीइतका असतो. पट्टिकेवर २५० व्होल्ट असताना निर्मात्यांनी दिलेली मूल्ये कोष्टकात दिली आहेत. शेवटच्या स्तंभातील आकडा १०० किलोओहम हा गिटार-विवर्धकात सर्रास आढळणारा भार रोध धरून काढलेला आहे.

| नलिका | विवर्धनांक | पट्टिका रोध (किलोओहम) | अन्योन्य संवाहकता (मिलिअँपिअर प्रती व्होल्ट) | टप्प्याचे परिगणित विवर्धन (पट) |
|---|---|---|---|---|
| १२एएक्स७ (ईसीसी८३) | १०० | ६२·५ | १·६ | ६२ |
| ५७५१ | ७० | ५८ | १·२ | ४४ |
| १२एटी७ (ईसीसी८१) | ६० | १०·९ | ५·५ | ५४ |
| १२एवाय७ | ४० | २२·८ | १·७५ | ३३ |
| १२एयू७ (ईसीसी८२) | १७ | ७·७ | २·२ | १६ |

टप्प्याचे विवर्धन काढण्यासाठी विवर्धनांकाला भार रोधाने गुणून त्या गुणाकारास भार रोध व पट्टिका रोध यांच्या बेरजेने भागतात. यावरून १२एएक्स७ च्या जागी ५७५१ घातल्यास सु. ३ डेसिबेल, १२एवाय७ घातल्यास सु. ५·५ डेसिबेल आणि १२एयू७ घातल्यास सु. १२ डेसिबेल इतके विवर्धन कमी होते. बाजारात मात्र केवळ विवर्धनांकांची तुलना करून ‘७० टक्के’, ‘४० टक्के’ असे सांगण्याची पद्धत पडली आहे. ती ५७५१ च्या बाबतीत बरोबर ठरते. १२एवाय७ च्या बाबतीत ती फरक वाढवून दाखविते, कारण त्या नलिकेचा पट्टिका रोध कमी असल्याने तिच्या विवर्धनांकाचा मोठा वाटा प्रत्यक्षात हाती लागतो.

कोष्टकातील १२एटी७ चा आकडा विशेष सावधगिरीने घ्यावयास हवा. निर्मात्यांनी दिलेली तिची मूल्ये पट्टिकेतून १० मिलिअँपिअर प्रवाह जात असतानाची आहेत. ३०० व्होल्टच्या पुरवठ्यावर १०० किलोओहमचा रोधक असेल, तर नलिकेने पूर्ण वाट मोकळी करून दिली तरी प्रवाह ३ मिलिअँपिअरपलीकडे जाऊ शकत नाही. प्रत्यक्षात तो त्याहूनही बराच कमी असतो. एवढ्या अल्प प्रवाहावर या नलिकेचा पट्टिका रोध पुष्कळ वाढतो आणि तिचे खरे विवर्धन ५४ पटींच्या बरेच खाली येते. १२एएक्स७ ची मूल्ये १·२ मिलिअँपिअरवर दिलेली असल्याने तिच्या बाबतीत परिगणित व प्रत्यक्ष आकडे जुळतात. नलिकेची केवळ एक संख्या पाहून निवड करणे किती फसवे आहे, याचे हे उदाहरण आहे.

विरूपण व स्वरगुण : गिटारच्या पिकपमधून येणारा संकेत वादनाच्या जोरानुसार व पिकपच्या जातीनुसार सु. ०·१ ते १ व्होल्ट इतका असतो. १२एएक्स७ च्या पहिल्या टप्प्यात जालक ऋणाग्राच्या तुलनेने एक-दीड व्होल्ट ऋण राखलेले असते. या दाबास अभिनती म्हणतात. संकेताचा धन शेंडा अभिनतीपेक्षा मोठा झाला की जालकातून प्रवाह वाहू लागतो व लहरीचा तो शेंडा चपटा होतो. ऋण बाजूस संकेत फार खाली गेल्यास नलिकेतील प्रवाहच थांबतो आणि लहरीची दुसरी बाजू छाटली जाते. पहिल्या टप्प्यात असे क्वचितच घडते. समजा, तार छेडल्यावर ०·२ व्होल्टचा संकेत आला. १२एएक्स७ त्याचे सु. १२ व्होल्ट करते. आवाज-नियंत्रकाने त्यातील निम्मा भाग पुढे सोडला तरी दुसऱ्या टप्प्याच्या जालकावर ६ व्होल्ट येऊन आदळतात आणि तेथील अभिनती पुन्हा दीड व्होल्टच्याच घरातली असते. स्वर फुटतो तो येथे. पहिल्या खोबणीत १२एवाय७ असेल तर याच स्थितीत दुसऱ्या जालकावर सु. ३·३ व्होल्ट पोहोचतात. स्वर फुटतोच, पण कमी.

या हिशेबातून एक अप्रिय वाटणारा निष्कर्ष निघतो. आवाज-नियंत्रक पहिल्या टप्प्यानंतर येत असल्याने कमी विवर्धनाची नलिका घालणे आणि तीच नलिका ठेवून नियंत्रक थोडा मागे फिरविणे, यांचा दुसऱ्या टप्प्यावर होणारा परिणाम बव्हंशी एकच असतो. मग नलिकाबदलाचा उपयोग काय? एक म्हणजे नियंत्रकाच्या फिरवणुकीचा उपयुक्त पल्ला वाढतो. ज्या विवर्धकात खुंटी एका आकड्यावरून दोनवर नेताच खोलीभर गोंगाट होतो, तेथे हा लाभ लहान नव्हे. घरात किंवा लहान सभागृहात वाजविणाऱ्याला बहुधा हाच लाभ हवा असतो. दुसरे म्हणजे १२एवाय७ किंवा १२एयू७ यांची अभिनती त्याच रोधकावर अधिक ऋण होते व जोरकस पिकपचा संकेत पहिल्या टप्प्यात छाटला जात नाही. तिसरा परिणाम उच्च कंप्रतांवरचा असून त्याचा विचार पुढे केला आहे.

छाटणीमुळे मूळ स्वरात त्याच्या पूर्ण पटीतील कंप्रतांचे वरस्वर मिसळतात. लहरीच्या दोन्ही बाजू असमान छाटल्या गेल्या तर सम पटीतील वरस्वर लक्षणीय प्रमाणात येतात. त्रिप्रस्थाचे सौम्य विरूपण मुख्यतः असे असते. मूळ स्वर मध्य षड्ज मानला तर दुप्पट कंप्रतेचा वरस्वर तार षड्ज, तिप्पट कंप्रतेचा तार पंचम आणि पाचपटीचा त्यापुढील सप्तकातील गंधार होय. हे सर्व मूळ स्वराशी संवाद साधणारे असल्याने स्वर भरदार वाटतो. सातव्या पटीपासून वरचे काही वरस्वर सप्तकातील कोणत्याही स्वराशी नीट जुळत नाहीत व छाटणी कठोर झाली की त्यांच्यामुळे स्वर खरखरीत होतो. दोन तारा एकत्र छेडल्यास त्यांच्या कंप्रतांच्या बेरजेचे व वजाबाकीचे स्वरही उत्पन्न होतात. षड्ज-पंचम जोडीत वजाबाकीचा स्वर बरोबर खालच्या सप्तकातील षड्ज येतो. रॉक संगीतात अतिविरूपित स्वरावर षड्ज-पंचमाची जोडीच प्रामुख्याने वाजविली जाते, त्याचे कारण हेच आहे. गंधारयुक्त पूर्ण स्वरसंघात अशा स्वरांची गर्दी होऊन तो गढूळ होतो. जाझ वादकाला मात्र असे पूर्ण स्वरसंघ स्वच्छ हवे असतात, म्हणून कमी विवर्धनाच्या नलिकेकडे त्याचा कल असल्यास नवल नाही.

उच्च कंप्रतांवरील परिणाम : जालक व पट्टिका यांच्यामध्ये अत्यल्प विद्युत् धारिता असते; १२एएक्स७ मध्ये ती सु. १·७ पिकोफॅराड आहे. परंतु पट्टिकेवरील दाब जालकाच्या उलट दिशेने व कित्येक पट बदलत असल्यामुळे जालकाकडून पाहता ही धारिता विवर्धनाच्या पटीने वाढल्यासारखी भासते. यास मिलर परिणाम म्हणतात. ६२ पट विवर्धनास ती १०० पिकोफॅराडच्या थोडी वर जाते. पहिल्या खोबणीत तिच्या आधी ६८ किलोओहमचा रोधक असला तरी तोड-कंप्रता २० किलोहर्ट्झच्या पुढे राहते. गिटारचे ध्वनिक्षेपक सु. ५ किलोहर्ट्झपलीकडे फारसे काही देत नसल्याने तेथे या धारितेचा परिणाम ऐकू येत नाही. दुसऱ्या टप्प्याची स्थिती वेगळी आहे. त्याच्या आधी १ मेगओहमचा आवाज-नियंत्रक असेल व तो विद्युतीय दृष्ट्या मध्यावर असेल, तर संकेताच्या मार्गात सु. २५० किलोओहमचा रोध येतो आणि तोड-कंप्रता ६ किलोहर्ट्झपर्यंत खाली उतरते. येथे १२एयू७ घातल्यास धारिता जवळजवळ चौथ्या हिश्शावर येते व तीव्र स्वर अधिक मोकळे होतात. ‘कमी विवर्धनाची नलिका स्वर स्वच्छ करते’ या अनुभवामागे विरूपणातील घटीबरोबर हेही एक कारण आहे.

खोबणीचे महत्त्व : एकाच नलिकेचा परिणाम ती कोठे बसविली आहे यावर अवलंबून असतो. पहिली खोबण बहुधा शक्ति-रोहित्रापासून सर्वांत दूर असते. तिच्यातील नलिकेचा खरखराट, गुणगुण आणि कंपनग्राहकता पुढील सर्व टप्प्यांत मोठी होत जाते. म्हणून उत्तम, शांत नलिका येथेच बसवावी. बेसमन व मार्शल यांच्यात दुसऱ्या नलिकेचा एक अर्धा भाग ऋणाग्र-अनुगामी म्हणून जोडलेला असतो. तो विवर्धन करीत नाही, परंतु स्वर-नियंत्रक मंडलास पुरेसा प्रवाह पुरवितो. त्याचे जालक आधीच्या पट्टिकेला थेट जोडलेले असल्यामुळे येथे नलिका बदलल्यास संकेताबरोबर स्थिर दाबही बदलतात आणि परिणाम केवळ विवर्धनांकावरून वर्तविता येत नाही. शिवाय या जागी ऋणाग्र तंतूपेक्षा १५० व्होल्ट वा त्याहून अधिक उंचीवर असते व १२एएक्स७ ची याबाबतची मर्यादा २०० व्होल्टच्या आत आहे. जुनी, थकलेली नलिका येथे लवकर दगावते.

शक्ति-नलिकांच्या जोडीला एकमेकांच्या उलट असे दोन संकेत पुरविणारा कला-विभाजक हा शेवटचा टप्पा. फेंडरच्या १९६० नंतरच्या अनेक विवर्धकांत येथे १२एटी७ आढळते, तर मार्शलमध्ये ईसीसी८३. येथे बदल केल्यास शक्ति-टप्पा केव्हा व कसा छाटू लागतो यात फरक पडतो. परंतु बहुतेक विवर्धकांत ध्वनिक्षेपकाकडील संकेताचा काही अंश या टप्प्यात उलट फिरवून सोडलेला असतो. हा ऋण पुनःप्रदाय विवर्धनातील घट बरीचशी भरून काढतो, त्यामुळे आकडेमोडीवरून वाटेल तेवढा फरक कानांना जाणवत नाही. कृत्रिम घुमाऱ्याची स्प्रिंग चालविणाऱ्या १२एटी७ च्या जागी १२एएक्स७ बसवू नये. तेथे दोन्ही त्रिप्रस्थ एकत्र जोडून रोहित्र चालवावयाचे असते व पट्टिकेवर सु. ४०० व्होल्ट असतात. १२एएक्स७ पुरेसा प्रवाह देऊ शकत नाही आणि तिच्या मर्यादाही ओलांडल्या जातात. स्वरकंपनाच्या आंदोलकाचेही तसेच आहे. तीन समान रोधक-धारित्र टप्प्यांच्या आंदोलकास चालू राहण्यासाठी किमान २९ पट विवर्धन लागते. १७ विवर्धनांकाची १२एयू७ तेथे घातल्यास आंदोलन बंदच पडते आणि विवर्धक बिघडला असा समज होतो.

१९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांनी फेंडरच्या लहान विवर्धकात विवर्धनाचा जादा टप्पा घालून साखळी-विवर्धनाची पद्धत रूढ केली. त्यांचे मेसा बूगी हे विवर्धक त्यातून निघाले. अशा विवर्धकात तीन-चार टप्पे एकामागून एक छाटत असल्यामुळे पहिल्या नलिकेतील तीन डेसिबेलची घट जवळजवळ लपून जाते, पण तिचा खरखराट व कंपनग्राहकता मात्र अनेक पटींनी उघड होते.

कंपनग्राहकता : नलिकेतील जालक म्हणजे अतिशय बारीक तारेचे वेटोळे असते. धक्क्याने ते हलले की पट्टिका-प्रवाह हलतो आणि नलिका स्वतःच ध्वनिग्राहकासारखी वागू लागते. ध्वनिक्षेपक व विवर्धक एकाच पेटीत असतील आणि नलिका उलट्या टांगलेल्या असतील, तर हा दोष वाढून शिट्टीसारखा सतत आवाज येतो. विवर्धक चालू ठेवून लाकडी पेन्सिलीने नलिकेवर हलकेच टिचकी मारल्यास दोषी नलिका घंटेसारखी वाजते. थोडा नाद कोणत्याही चांगल्या नलिकेत असतो; तो लगेच विरत नसेल तरच नलिका बदलावी. असा दोष असलेली नलिका कला-विभाजकाच्या जागी पुष्कळदा निर्वेधपणे चालते, म्हणून ती फेकून देण्याची घाई करू नये. ५७५१ ही नलिका मुळात औद्योगिक व लष्करी वापरासाठी मजबूत बांधणीची म्हणून काढण्यात आली होती. तिची लोकप्रियता कमी विवर्धनाइतकीच या शांतपणामुळेही आहे.

बदल करताना घ्यावयाची काळजी : विवर्धक बंद करून, वीजपुरवठ्याचा खटका काढून व नलिका थंड होऊ देऊन मगच बदल करावा. पूर्वविवर्धक नलिकांची अभिनती ऋणाग्रातील रोधकामुळे आपोआप साधली जात असल्याने शक्ति-नलिकांप्रमाणे ती पुन्हा जुळवावी लागत नाही. पेटी उघडण्याची गरज पडल्यास ती जाणकारानेच उघडावी. वीजपुरवठा तोडल्यानंतरही धारित्रांत ४०० व्होल्टहून अधिक दाब साठून राहू शकतो व तो प्राणघातक आहे. बैठक जुळते म्हणजे नलिका जुळते असे नाही. ६डीजे८ (ईसीसी८८) ही दिसायला तशीच नलिका १२एएक्स७ च्या खोबणीत बसते, परंतु तिच्या तंतूची जोडणी वेगळी असल्याने ती तापतच नाही. १२बीएच७ ची जोडणी जुळते, पण तिचा तंतू दुप्पट प्रवाह घेतो व शक्ति-रोहित्रावर जादा भार पडतो.

समजुती व परीक्षण : एकाच जातीच्या, निरनिराळ्या निर्मात्यांच्या नलिकांना ‘उबदार’, ‘मलईदार’, ‘काचेसारखा’ अशी विशेषणे लावली जातात व जुन्या कारखान्यांच्या न वापरलेल्या नलिका नव्यांच्या कित्येक पट किंमतीस विकल्या जातात. सुस्थितीतील दोन १२एएक्स७ नलिकांचा कंप्रता-प्रतिसाद ध्वनिक्षेपकाच्या पल्ल्यात जवळजवळ एकसारखा असतो. फरक असतो तो विवर्धनातील, खरखराटातील व कंपनग्राहकतेतील. आणि हा फरक एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन नलिकांतही आढळतो. फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे आवाजाची पातळी बदलली की मंद्र व तीव्र स्वरांबाबतची कानाची संवेदनक्षमताही बदलते. त्यामुळे एका डेसिबेलने मोठा आवाज हा ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. दोन नलिकांची तुलना करावयाची असल्यास दोन्ही वेळी आवाजाची पातळी मापकाने समान करून घ्यावी व शक्य तर नलिका दुसऱ्याने बदलावी. असे केल्यावर पुष्कळ विशेषणे गळून पडतात. नवशिक्या वादकाने महागड्या जुन्या नलिकांवर खर्च करण्यापूर्वी एखादी ५७५१ व एखादी १२एवाय७ पहिल्या खोबणीत आलटून पालटून पहावी. स्वरात खरोखर मोठा बदल हवा असेल तर ध्वनिक्षेपक बदलणे हा अधिक परिणामकारक उपाय आहे, मात्र तो महाग व कष्टाचा आहे. नलिकाबदलाच्या लोकप्रियतेचे एक कारण त्याच्या सुलभतेत आहे.

उत्पादन व उपलब्धता : ट्रान्झिस्टरच्या प्रसारानंतर रेडिओ व दूरचित्रवाणी यांतील नलिकांची मागणी संपली आणि अमेरिका व पश्चिम यूरोपातील मोठे कारखाने विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत बंद पडत गेले. भारतात बंगलोर येथील भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीत रेडिओसाठी नलिका बनत असत. तिने बनविलेल्या ईसीसी८३ नलिका आजही जुन्या साठ्यांतून परदेशी गिटारवादकांकडे जातात. विद्यमान उत्पादन मुख्यतः स्लोव्हाकियातील चाड्झा, रशियातील साराटॉव्ह व चीन येथे होते. साराटॉव्हच्या एकाच कारखान्यातील नलिका अनेक व्यापारी नावांनी विकल्या जातात आणि त्यांत काही नावे कधीच बंद पडलेल्या जुन्या कंपन्यांची आहेत. वेष्टनावरील नावावरून नलिकेचे मूळ ओळखता येत नाही. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर बंदी घातली तेव्हा जगभर नलिकांचे भाव चढले व विक्रेत्यांनी मागण्या नोंदविणे थांबविले. ही बंदी पुढे शिथिल झाली.